तांदळाचा दाणा

आज तुम्हांला माझीच एक फजिती सांगणार आहे. फजिती कसली, लबाडीच म्हणा ना! सांगताना अजूनही कान गरम होतात. मोठ्यांनी आपल्या लबाड्या मुलांना सांगाव्यात की नाही, यावर आमच्या घरी बराच वाद झाला. शेवटी माझी लेक म्हणाली, "बाबा, लिहा तुम्ही. माझं नाव मात्र छापू नका." म्हणून लेकीचं नाव नाही. बाकी सगळं जसं घडलं तसं.

आमच्या घरात एक टेबल आहे. त्या टेबलावर लेकीचा लॅपटॉप असतो. तिला शिष्यवृत्तीचे पैसे मिळाले होते, त्यात आईनं थोडे आणि मी थोडे घातले आणि तो घेतला. टेबलाच्या वर भिंतीवर एक पाटी चिकटवलेली आहे : 'येथे पाणी, चहा, दूध आणू नये. हुकमावरून.' अक्षर लेकीचं, पण हुकूम कुणाचा? अर्थातच माझा!

आणि बरं का, हा हुकूम काढणाऱ्यानंच एका रविवारी रात्री, सगळे झोपल्यावर, फुलपात्रभर पाणी घेऊन त्याच टेबलाशी बैठक मारली. मला एक अर्ज लिहायचा होता. चष्मा घ्यायला हात लांब केला, कोपर लागलं आणि फुलपात्र आडवं! अर्धं पाणी टेबलावर, अर्धं थेट कीबोर्डवर.

आता खरी गंमत ऐका. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार कुठला आला असेल? लॅपटॉप बंद करावा, हा? छे! पहिला विचार आला, "कुणी पाहिलं तर नाही ना?"

मी पंचा आणला, वरवर पुसलं. पडदा उजळलेलाच होता. म्हटलं, वा! काही झालेलं नाही. खात्री करायला म्हणून अर्ज पूर्ण केला. चांगला अर्धा तास लॅपटॉप चालूच ठेवला. मग आठवलं, मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात. हळूच स्वयंपाकघरात गेलो, परातीत आंबेमोहोर ओतला आणि लॅपटॉप त्यात बसवला, वरून चार मुठी पसरले. पहाटे सगळे उठायच्या आत तांदूळ डब्यात, परात मांडणीवर, लॅपटॉप टेबलावर. आणि वर चार्जरही लावून ठेवला. आहे की नाही हुशारी?

सोमवारी लेक म्हणाली, "बाबा, 'क' दाबलं की दोन-दोन अक्षरं उमटताहेत. तुम्ही काही केलंत का?"

"मी? मी कशाला काय करीन!" मी वर्तमानपत्रात तोंड घालून म्हणालो.

मंगळवारी काही बटणं दाबली तरी गप्प, काही न दाबता बडबडणारी. बुधवारी संध्याकाळी पडदा काळा झाला तो झालाच. लेक रडली नाही. नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "आजीच्या ओव्या त्यातच आहेत."

माझ्या पोटात खड्डा पडला. माझी आई, म्हणजे तिची आजी, जात्यावरच्या ओव्या म्हणायची. शाळेच्या प्रकल्पासाठी लेकीनं दोन सुट्ट्या तिच्यापाशी बसून त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. मध्येच आजीचा खोकला, मध्येच "अगं, आता पुरे की" असं हसणं. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. आजी गेल्या वर्षी गेली. आणि त्या ओव्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

तुम्ही म्हणाल, आता तरी काका खरं बोलले असतील. नाही हो! नाही बोललो. जितका वेळ जातो ना, तितकं खरं बोलणं अवघड होत जातं. रविवारी रात्री सांगितलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. बुधवारी सांगायचं तर पाणी, तांदूळ आणि सोमवारचं खोटं, तिन्ही सांगावं लागणार होतं.

गुरुवारी आम्ही दोघं बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातल्या तरुण दादानं पहिलाच प्रश्न विचारला, "काका, पाणी-बिणी सांडलं होतं का?"

"नाही बुवा, आपोआपच बंद पडला."

त्यानं काही न बोलता स्क्रू काढले. मागचं झाकण उघडलं. आणि पंख्याच्या जाळीजवळून चिमट्यानं काहीतरी उचलून काउंटरवर ठेवलं. तांदळाचा दाणा!

"काका, हे काय?" तो म्हणाला.

लेकीनं दाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. सोमवारी सकाळी आई म्हणाली होती, तांदळाच्या डब्याचं झाकण कुणी नीट लावलं नाही म्हणून. लेकीला ते आठवलं असणार. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं तुम्हांला."

दोस्तांनो, दोन वर्षांपूर्वी हिच्याच हातून माझं शाईचं पेन मोडलं होतं. तिनं ते चार दिवस दप्तरात लपवून ठेवलं, म्हणून मी तिला मोठं व्याख्यान दिलं होतं. "चूक झाली तर चालेल, पण लपवायची नाही!" ते माझं व्याख्यान आता मलाच ऐकू येत होतं. मी दुकानातच सगळं सांगून टाकलं. फुलपात्रापासून परातीपर्यंत.

दादा हसला नाही. त्यानं आम्हांला जवळ बोलावलं आणि दिव्याखाली आतला मुख्य बोर्ड दाखवला. एका कोपऱ्यात हिरवट-निळसर पापुद्रा साचला होता. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कसं कळकतं? तसाच रंग.

"हे नुसत्या पाण्यानं नाही झालं," दादा म्हणाला, "पाणी आणि वीज दोन्ही मिळून झालं."

मग त्यानं समजावलं ते असं. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. पण आपल्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळलेले असतात. त्यांच्यामुळे ते पाणी वीज वाहून नेतं. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवून वीज सोडतात, तो प्रयोग पाहिलाय ना? एका पट्टीचं तांबं झिजतं आणि दुसरीवर जाऊन बसतं. लॅपटॉपच्या बोर्डवर तांब्याच्या केसासारख्या बारीक रेषा असतात. त्या ओल्या झाल्या आणि त्यांत वीज असली की तसाच उद्योग तिथं सुरू होतो. रेषा खाल्ल्या जातात, नको तिथं नको ते जोडलं जातं. चहा किंवा सरबत असेल तर साखरेचा चिकट थर राहतो. खारं पाणी तर आणखी वाईट.

"पण मी नंतर बंद केला होता," मी म्हणालो.

"बंद केला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते, काका. काही भागांत वीज असतेच. आणि तुम्ही तर वर चार्जर लावलात."

"आणि तांदूळ?"

"चिपच्या पोटाखाली शिरलेलं पाणी तांदूळ कसं ओढून काढणार? उलट त्याची पूड आत जाते." (हे नंतर मी वाचलंही. आयफोन भिजला तर तांदळात ठेवू नका, असं ॲपल कंपनीच्याच सूचनांत लिहिलं आहे.)

"त्याच रात्री बंद करून दुसऱ्या दिवशी आणला असतात, तर आयसोप्रॉपिल अल्कोहोलनं बोर्ड साफ करून बहुतेक वाचवला असता. आता बोर्ड गेला. डिस्क वेगळी निघते. ती बघतो. दोन दिवस द्या."

ते दोन दिवस आम्ही कसे काढले ते आम्हांलाच ठाऊक. लेक माझ्याशी बोलत होती, पण मोजकं. तिला धीर द्यायला मी कोलंबिया यानाची गोष्ट सांगितली. १ फेब्रुवारी २००३ ला परतीच्या वाटेवर ते यान आकाशातच फुटलं आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. अवशेषांत एका प्रयोगाची होरपळलेली हार्ड डिस्क सापडली. तज्ज्ञांनी ती साफ करून तिच्यातली जवळजवळ सगळी माहिती परत मिळवली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. लेकीनं गोष्ट ऐकून घेतली. म्हणाली, "पण बाबा, आपली नाही मिळाली तर?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

शनिवारी दादाचा फोन आला. डिस्कवर पाणी पोचलं नव्हतं. त्यानं ती दुसऱ्या संगणकाला जोडली आणि दुकानाच्या त्या गजबजाटात माझ्या आईचा खोकला ऐकू आला. मग हसणं. मग ओवी. लेक आणि मी, दोघांनीही डोळे पुसले. लॅपटॉप मात्र गेला तो गेलाच. नव्यासाठी मी दरमहा थोडे पैसे बाजूला टाकतो आहे. ती माझी शिक्षा.

आता तुमच्या उपयोगाचं सांगतो. लक्षात ठेवाल ना? पाणी सांडलं की पहिल्यांदा मोठ्यांना हाक मारा. ओल्या हातानं प्लगला हात लावू नका; प्लगवरच पाणी असेल तर मोठ्यांना घरातलं मुख्य बटण बंद करायला सांगा. चार्जर काढा. लिहिलेलं जतन करत बसू नका, चालू-बंदचं बटण दाबून धरा आणि लॅपटॉप पूर्ण बंद करा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा. मग तो उघडा ठेवून तंबूसारखा, कीबोर्ड खाली येईल असा, टॉवेलवर उपडा घाला. केस वाळवायचं यंत्र नको, तांदूळ नको. स्वतः स्क्रू काढणं तर मुळीच नको. बॅटरी फुगली किंवा तापली असेल तर जवळच जाऊ नका. "बघू तरी चालतोय का" हा मोह तर अजिबात नको. लवकरात लवकर दुरुस्तीला न्या आणि काय सांडलं ते खरं सांगा. डॉक्टरांना पोट का दुखतंय ते खरं सांगतो ना, तसं. आणि जे परत मिळणार नाही, त्याच्या दोन प्रती आजच करून ठेवा. आजीच्या ओव्या आता आमच्याकडे तीन ठिकाणी आहेत.

आयाबाबांनो, तुम्हीही वाचता आहात ना? मूल वस्तू मोडल्याचं सांगायला आलं, तर त्या क्षणी ओरडू नका. मी घाबरलो होतो तो लॅपटॉपला नव्हे, घरच्यांच्या ओरड्याला. आणि माझं वय ४६ आहे! मग दहा वर्षांच्या मुलाचं काय होत असेल?

आमच्या टेबलावरची पाटी अजून तिथंच आहे. तो तांदळाचा दाणा लेकीनं घरी आणून तिच्यावर चिकटपट्टीनं लावून ठेवलाय. आणि 'हुकमावरून'च्या खाली तिच्या अक्षरात एक नवी ओळ आली आहे :

'तरीही सांडलंच, तर लगेच हाक मारावी. कोणीही ओरडणार नाही.'

खाली आम्हां तिघांच्या सह्या आहेत. पहिली माझी.