चाप ओढण्यापूर्वीं

आमच्या कोंकणांतल्या घरीं देवघराशेजारीं एक अंधारी खोली होती. तींत भाताच्या कणग्या असत आणि त्यांच्या वर, भिंतीला ठोकलेल्या दोन खुंट्यांवर, अण्णांची ठासणीची बंदूक आडवी ठेवलेली असे. अण्णा म्हणजे माझे वडील. राजापूर तालुक्यांतल्या आमच्या लहानशा गांवांत अशा बंदुका पांचसात घरीं होत्या. शिकारीशीं किंवा शौर्याशीं त्यांचा फारसा संबंध नव्हता. पीक तयार होत आलें कीं रानडुकरें रात्रीं शेतांत उतरत आणि एका कुटुंबाचें वर्षाचें अन्न घटकाभरांत तुडवून टाकीत. तें पीक राखण्यासाठीं सरकारनें शेतकऱ्याला दिलेली ती परवानगी होती. म्हणून बंदूक असली तरी आमच्या घरांत तिची गणना नांगर, कोयता आणि इरलें यांच्याच पंक्तींत होई. निवडणूक जवळ आली कीं ती पोलीस-ठाण्यांत नेऊन द्यावयाची आणि निवडणूक संपली कीं परत आणावयाची, एवढाच काय तो तिचा मान निराळा.

२०२३ सालीं, वयाच्या ९० व्या वर्षीं, अण्णा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी ती बंदूक ठाण्यांत जमा करण्यास गेलों. कारण परवाना माणसाच्या नांवाचा असतो, आणि माणूस गेल्यावर परवान्यावांचून बंदूक घरांत ठेवणें हा गुन्हा होतो. तेथील अंमलदारांनीं पावती लिहितां लिहितां सहज विचारलें, "मास्तर, वारस म्हणून परवाना आपल्या नांवें करून घेणार, कीं बंदूक सोडून देणार? अर्ज करणार असाल तर कारण नीट लिहा." मी "कळवितों" म्हणालों आणि बाहेर पडलों. पण त्या 'कारण' शब्दानें माझा पिच्छा पुरविला. अण्णांची आठवण म्हणून ती बंदूक हवी, हें माझें खरें कारण. आणि आठवण हें कांहीं सरकार-दरबारीं लिहिण्याजोगें कारण नव्हे!

शाळेंत नागरिकशास्त्र शिकविण्यांत माझा जन्म गेला, परंतु १९५९ चा शस्त्र-कायदा मीं प्रथम वाचला तो त्या आठवड्यांत. वाचून थोडें नवल वाटलें. बंदुकीचा कायदा म्हणजे नुसती मनाई असेल अशी माझी समजूत होती. पण त्याच्या १३ व्या कलमांत, पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणारास, नाकारण्याजोगें कांहीं नसल्यास, अधिकाऱ्यानें परवाना द्यावा असेंच म्हटलें आहे. पिस्तुलासारख्या इतर हत्यारांसाठीं मात्र मागणाराजवळ योग्य कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. पुढील १४ व्या कलमांत तर एक फार चांगलें वाक्य आहे: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं, केवळ एवढ्यावरून त्याला परवाना नाकारूं नये. मग अण्णांसारख्या अडीच एकरांच्या धन्याला १९६३ सालीं बंदूक कशी मिळाली, याचा उलगडा मला झाला.

तें वाक्य तेथें कां आलें असावें, याचाहि विचार मनांत आला. लिटन साहेबांच्या कारकीर्दींत, १८७८ सालीं, या देशांत जो शस्त्र-कायदा झाला त्यानें हिंदी माणसाला परवाना घेणें भाग पाडलें आणि युरोपियनांना त्यांतून मोकळें ठेवलें. दोन शेजाऱ्यांपैकीं एकाला विचारणा आणि दुसऱ्याला नाहीं! १८५७ ची धास्ती ज्यांच्या मनांतून गेली नव्हती, त्यांनीं केलेला तो कायदा. १८८७ च्या मद्रास काँग्रेसनें त्याविरुद्ध ठराव केला, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसनें तर नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादींत घातला. पुढें १९४८ च्या डिसेंबरांत हरि विष्णु कामत यांनीं घटना-समितींत तोच हक्क राज्यघटनेंत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनीं ती मानली नाहीं. शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षां देशावर प्रसंग आला असतां शस्त्र हातीं धरण्याचें कर्तव्य त्यांना अधिक महत्त्वाचें वाटत होतें; सरसकट हक्क देणें त्यांना धोक्याचें दिसलें. दुरुस्ती नामंजूर झाली. आपल्याकडे बंदूक हा हक्क न राहतां परवानगी राहिली. मात्र विचारणा आतां सर्वांना सारखी झाली, किंवा व्हावी असें तरी ठरलें. याला एक अपवाद ठेवलेला आहे: कुर्गच्या कोडवा लोकांना परंपरेनें असलेली परवान्याची माफी २०१९ मध्यें पुन्हा दहा वर्षांसाठीं चालू ठेवण्यांत आली.

त्याच वर्षीं उन्हाळ्यांत आम्ही उभयतां लेकीकडे अमेरिकेंत, टेक्सास राज्यांत, गेलों. एका दुपारीं नातवाला शेजारच्या मुलाकडे खेळावयास जावयाचें होतें. लेकीनें शेजारणीला दूरध्वनि केला. खाण्यापिण्याचें कांहीं बोलणें झालें, आणि मग तितक्याच सहज सुरांत तिनें विचारलें, "तुमच्या घरीं बंदूक आहे का? असली तर कुलपांत आहे ना?" मी थक्क होऊन ऐकत राहिलों. पलीकडच्या बाईनेंहि राग न मानतां उत्तर दिलें: आहेत, लोखंडी कपाटांत आहेत, किल्ली आमच्याजवळ असते. नातू उड्या मारीत गेला. लेक मला म्हणाली, "बाबा, इथें हें आईनंच विचारायचं असतं. मलाहि आधीं जीभ रेटत नव्हती. आतां रेटते."

पोरीनें आपली जीभ कां रेटून घेतली असावी, हें मला समजण्यासारखें होतें. आदल्याच वर्षीं, २४ मे २०२२ रोजीं, त्याच राज्यांतल्या युव्हाल्डी गांवच्या प्राथमिक शाळेंत १९ मुलें व २ शिक्षिका गोळ्यांना बळी पडल्या होत्या. मारेकरी अठरा वर्षांचा होता. त्यानें आपल्या बंदुका थोड्याच दिवसांपूर्वीं दुकानांतून कायदेशीर रीतीनें विकत घेतल्या होत्या. त्या घटनेनंतर एकवीस वर्षांखालील गिऱ्हाइकाची अधिक चौकशी करावी, एवढा बदल त्या देशाच्या कायद्यांत झाला.

शेजारचे गृहस्थ फार भले निघाले. त्यांनीं मला आपलें कपाट दाखविलें आणि त्यांच्याकडील रीत समजावून दिली. त्यांच्या राज्यघटनेंत १७९१ सालीं झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीनें शस्त्र बाळगणें हा लोकांचा हक्क ठरविला आहे. २००८ सालीं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानें हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा असल्याचें सांगितलें. दुकानदारानें गिऱ्हाइकाच्या मागील गुन्ह्यांची नोंद तपासावी लागते; पण टेक्सासमध्यें एकानें दुसऱ्याला खासगी रीतीनें विकतांना तेंहि बंधन नाहीं, आणि २०२१ पासून एकवीस वर्षांवरील बहुतेक प्रौढांना पिस्तूल घेऊन हिंडण्यास परवान्याचीहि गरज उरलेली नाहीं. न्यूयॉर्क राज्यांत शंभराहून अधिक वर्षें उलटी रीत होती. घराबाहेर पिस्तूल बाळगावयाचें तर सबळ कारण दाखवावें लागे. २०२२ मध्यें न्यायालयानें ती रद्द केली. हक्काला कारण कसलें मागतां, असा त्या निकालाचा भावार्थ.

मीं त्यांना अण्णांच्या बंदुकीची आणि १८७८ च्या कायद्याची हकीकत सांगितली. ते ताडकन् म्हणाले, "मग आमचें म्हणणें तुमच्याइतकें कोणाला कळावें? १७७५ सालीं हेच इंग्रज आमच्या लोकांचा दारूगोळा जप्त करण्यास कॉनकॉर्डवर चालून आले, आणि तेथेंच आमचें युद्ध पेटलें. तुमच्या हातचें शस्त्र त्यांनीं काढून घेतलें, आमच्या हातचें त्यांना काढतां आलें नाहीं. फरक एवढाच." या बोलण्याला मला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. त्यांत सत्याचा अंश आहे, हें आजहि मी कबूल करतों. ज्या राज्यकर्त्यांना प्रजेचें भय वाटतें, ते आधीं तिचीं शस्त्रें मोजतात.

पण त्या रात्रीं झोंप येईना, तेव्हां दुसरे देश आठवूं लागलों. १३ मार्च १९९६ रोजीं स्कॉटलंडमधील डनब्लेन गांवच्या शाळेंत १६ लहान मुलें व त्यांच्या बाई मारल्या गेल्या. मारेकऱ्याजवळचीं पिस्तुलें परवान्याचीं होतीं. म्हणजे विचारणा झाली होती, पण ती पुरी पडली नव्हती. ब्रिटननें १९९७ मध्यें दोन कायदे करून खासगी पिस्तुलें जवळजवळ बंदच केलीं. जपान तर याहून पुढें. तेथें १९५८ च्या कायद्याप्रमाणें सामान्य नागरिकाला पिस्तूल नाहींच. छऱ्यांची बंदूक हवी तर लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा आणि वैद्याचा दाखला; शिवाय पोलीस घरच्यांकडे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करणार, कपाट पाहणार आणि वर्षाकांठीं बंदूक तपासणार. रायफल हवी असेल तर त्याआधीं साधारण दहा वर्षें छऱ्यांची बंदूक नीट सांभाळून दाखवावी लागते. इतकें करूनहि ८ जुलै २०२२ रोजीं माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा घरीं बनविलेल्या बंदुकीनें खून झाला. कायदा म्हणजे कांहीं वज्रकवच नव्हे. तरीहि बंदुकीनें होणारे मृत्यु जपानांत इतके थोडे असतात कीं, तो एक खून साऱ्या देशाला विश्वास ठेवण्यापलीकडचा वाटला.

हे सारे कायदे एकापुढें एक मांडून पाहतां माझ्या ध्यानांत एक गोष्ट आली. सगळीकडे प्रश्न तेच आहेत: तूं कोण, तुला हें कशाला हवें, आणि तें तूं कोठें ठेवणार? भेद आहे तो हे प्रश्न कोणीं विचारावे यांत. जपानांत पोलीस विचारतात, आपल्याकडे जिल्ह्याचा अधिकारी विचारतो, आणि जेथें सरकारनें विचारावयाचें सोडलें तेथें माझ्या लेकीला विचारावें लागतें. प्रश्न नाहींसा होत नाहीं. तो फक्त दुबळ्या खांद्यावर येऊन पडतो. शेजारीण भली होती म्हणून तिनें उत्तर दिलें; न देती, तर लेकीच्या हातीं काय होतें? मुलाला घरीं ठेवणें, इतकेंच.

मग अण्णांची एक रात्र आठवली. १९७१ सालची गोष्ट. नाचणी कणसाला आली होती आणि मी त्यांच्याबरोबर माळ्यावर राखणीला गेलों होतों. माझें वय चौदा. मध्यरात्रीं शेताच्या खालच्या अंगाला सळसळ झाली. धाटें मोडल्याचा आवाज, मग थांबणें, मग पुन्हा आवाज. अगदीं डुकराची चाल. अण्णांनीं बंदूक उचलली, घोडा वर ओढला आणि नेम धरला. पण चापावर बोट ठेवण्यापूर्वीं ते नेहमींप्रमाणें ओरडले, "कोण तें?" त्यांच्या या संवयीला सारा गांव हंसे. डुकराला कोणी नांव विचारतें का? ओरडल्यानें कितीतरी डुकरें हातचीं सुटत. त्या रात्रीं मात्र काळोखांतून उत्तर आलें: "मी हाय अण्णा, मी!"

पलीकडच्या वाडींतला एक गरीब माणूस होता. हातांत आमच्याच नाचणीचीं कणसें. भीतीनें त्यानें तीं तेथेंच टाकलीं. अण्णा माळ्यावरून उतरले. बंदूक त्यांनीं माझ्या हातीं न देतां बांधाला टेकून ठेवली. ते त्याला म्हणाले, "टाकूं नकोस, घेऊन जा. पण पुन्हा येशील तेव्हां कंदील घेऊन ये." परत माळ्यावर आल्यावर पहांटेपर्यंत ते एक शब्दहि बोलले नाहींत. त्यांचे हात कांपत होते, हें मला त्या अंधारांतहि दिसत होतें.

टेक्सासच्या गृहस्थांना द्यावयाचें उत्तर मला या रात्रींत सांपडलें. बंदूक कोणाच्या हातीं असावी यावर शहाण्या माणसांचे मतभेद राहणारच, आणि विचारण्याचा अधिकार हातीं आला कीं राज्यकर्ते त्याचा दुरुपयोग करतात, हें आम्हीं भोगलेलें आहे. पण त्यावरचा उपाय सर्वांना सारखें विचारणें हा आहे, कोणालाच न विचारणें हा नव्हे. अण्णांचा स्वभाव असा होता म्हणून तो माणूस वांचला. सगळ्यांचा स्वभाव तसा असतो यावर गांव चालवितां येत नाहीं. तेवढ्यासाठींच कायदा लागतो.

परत आल्यावर ठाण्यांत जाऊन मीं बंदूक सोडून देत असल्याचें लिहून दिलें. आमचें शेत आतां पडीक आहे. कारणाच्या रकान्यांत प्रामाणिकपणें भरण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. वाईट वाटलें नाहीं असें नाहीं. खोलींतल्या त्या दोन खुंट्या मात्र मीं काढल्या नाहींत.

पुढें कांहीं महिन्यांनीं आमच्या शेजारच्या एका तरुणानें बंदुकीसाठीं अर्ज केला. तो अजून भात आणि नाचणी पिकवितो, आणि डुकरांनीं त्याला खरोखरच रडकुंडीस आणलें आहे. चौकशीला आलेल्या पोलिसांना मीं सांगितलें कीं, मुलगा शांत आहे, निर्व्यसनी आहे आणि त्याचें कारण खरें आहे. ते गेल्यावर त्याला ओट्यावर बसवून अण्णांची ती रात्र सांगितली. ऐकून तो हंसला आणि म्हणाला, "मास्तर, म्हणजे मी डुकराला 'कोण' म्हणून विचारूं होय?"

"विचार," मी म्हणालों. "डुकर पळालें तर पळूं दे."