चार कोपरे

आईचं ऐकू येणं जवळजवळ संपलं, त्या 2015 सालची ही गोष्ट. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, त्यावर सिनेमे दाखवणारं कोडी बसवलं आणि एचडीएमआयची वायर टीव्हीला जोडली. तिला ‘श्यामची आई’ पुन्हा बघायचा होता. रात्री बसून मी संवाद ऐकून टाइप केले, वेळा जुळवल्या, म्हणजे तिला ते पडद्यावर वाचता येतील. सिनेमा लावला, तर खालची ओळ कापलेली. वेलांट्या दिसत होत्या, उकार नव्हते.

“पुढं काय म्हणाली ती?” आईने विचारलं.

सबटायटल वर सरकवता आली असती. पण चित्राच्या चारही कडा गेल्या होत्या आणि मला तिच्यासाठी अख्खं चित्र हवं होतं. तीन रात्री एक्सरँडरशी, म्हणजे लिनक्सच्या पडद्याचा मोड ठरवणाऱ्या आज्ञेशी, झगडलो. पॅनेल 1366 बाय 768 ठिपक्यांचं. मोडचे आकडे काढून देणाऱ्या सीव्हीटी या आज्ञेकडे तेवढंच मागितलं तर ती 1368 देई, कारण तिला आडवा आकडा 8च्या पटीत लागतो. तो मोड लावला की टीव्ही काळा.

शेवटी आईनेच गल्लीतल्या काकांना बोलावलं. काकांनी सांगलीत हयातभर टीव्ही दुरुस्त केले. कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. ते पडद्याजवळ गेले, चारही कोपरे नीट पाहिले आणि म्हणाले, “बाळ, उसाला पाणी द्यायची पाळी आठवते? पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि चित्र आक्रसायचं. कडेला काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून चित्र काचेपेक्षा थोडं मोठंच ठेवलेलं असायचं. स्टेशनवालेही कडेला महत्त्वाचं काही ठेवत नसत. टीव्हीतली काचेची नळी गेली, सवय राहिली. तुझं काय चुकलेलं नाही. टीव्हीला वाटतंय, सिग्नल केबलचाच आहे.”

मग रिमोट घेऊन ते चित्राच्या आकाराच्या मेनूत शिरले. 16:9 वरून ‘जस्ट स्कॅन’वर आले. चित्र एकदम आत सरकलं आणि उकार दिसले.

पैसे विचारले तर काकांनी चहा मागितला.

त्या रात्री कळलेलं पुढे फार कामी आलं. ताईच्या टीव्हीत तसा पर्यायच नव्हता. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एएमडीचं कार्ड होतं, त्याला ‘अंडरस्कॅन’ची सोय होती. ती चालू केली, डाव्या-उजव्या कडांना 48 आणि वरच्या-खालच्या कडांना 27 ठिपके दिले. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की हे पुसलं जातं, म्हणून एक्सरँडरची ती आज्ञा सुरुवातीलाच चालेल अशी ठेवली. अक्षरं किंचित मऊ झाली. म्हणून मी अजूनही आधी टीव्हीचा मेनूच उघडतो. ठिपक्याला ठिपका मिळाला, तर त्यासारखं दुसरं काही नाही. पण कुठे बघायचं, हे मला काकांमुळे कळलं.

पुढे काका रविवारी आमच्याकडे सिनेमाला येत. आई सबटायटल मोठ्याने वाचायची. तिच्या बहिऱ्या, उंच आवाजात सगळा सिनेमा दुसऱ्यांदा ऐकू यायचा. काका तिला एकदाही हळू वाचा म्हणाले नाहीत. एखाद्या ओळीशी ती अडखळली की मात्र उठून पडद्याजवळ जात आणि खालचा कोपरा बघून येत.