पाच पूल, सव्वीस मैल

भारतातून पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना न्यू यॉर्क दाखवायला नेतो. एम्पायर स्टेट, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर आणि परतताना कुठेतरी मसाला डोसा. न्यू जर्सीत राहून वीस-बावीस वर्षं आम्ही दोघांनीही हेच केलं. ह्या शहराचे पाच विभाग आहेत, आणि त्यातले बरेचसे आपण विमानतळाच्या वाटेवर मोटारीच्या काचेतूनच पाहतो. पाचही विभाग एका दिवसात, पायी आणि रस्त्यावरच्या मोटारी थांबवून बघायचे असतील, तर नोव्हेंबरमधल्या पहिल्या रविवारची मॅरेथॉन हाच मार्ग. अंतर २६.२ मैल!

ही शर्यत १९७० साली सुरू झाली तेव्हा सेंट्रल पार्कमध्येच फेऱ्या मारायच्या होत्या. १२७ जण धावायला उभे राहिले आणि ५५ जणांनी ती पुरी केली. रुमानियात जन्मलेले आणि इथे कपड्यांच्या धंद्यात असलेले फ्रेड लेबो तिचे एक प्रवर्तक. १९७६ साली ती पाचही विभागांतून निघाली. अलीकडच्या वर्षांत पन्नास हजारांहून जास्त माणसं धावतात. म्हणून सोडत काढावी लागते, आणि त्या सोडतीत आमच्या दोघांचेही नंबर लागले. लॉटरीत आजवर साधी इस्त्रीसुद्धा लागली नव्हती!

तयारीला चार महिने लागतात. दर आठवड्याला एक लांबची धाव, ती मैल-दोन मैलांनी वाढवत वीस मैलांपर्यंत न्यायची. आम्ही दहावर पोचलो होतो आणि पुण्याहून फोन आला, आई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. पुढचे दोन महिने आम्ही आळीपाळीने पुण्यात होतो. पहाटे पर्वतीच्या बाजूला धावायला जायचो तेव्हा गल्लीतली कुत्री मागे लागत. वेगाचा सराव तेवढाच झाला. ऑक्टोबर उजाडला तेव्हा आमची सर्वांत लांब धाव होती तेरा मैलांची, म्हणजे बरोबर निम्मी.

नाव मागे घेऊन पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरता येतात. तसा विचारही झाला. पण तिकडे आई वॉकर धरून पुन्हा पाऊल टाकायला शिकत होत्या. फोनवर म्हणाल्या, "मी रोज दहा पावलं मोजून टाकते. तुम्हांला चालायला काय धाड भरलीय?" झालं! डॉक्टरांकडून हृदय तपासून घेतलं (पन्नाशीत हे आधी, बूट नंतर) आणि जेफ गॅलोवे यांची पद्धत धरली, पहिल्या मैलापासूनच थोडं धावायचं, थोडं चालायचं. आम्ही तीन मिनिटं धाव आणि एक मिनिट चाल असा हिशोब ठेवला.

धीर द्यायला एक गोष्ट होती. १९७८ साली नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ ह्याच शर्यतीत प्रथम उतरली, तेव्हा सरावातही ती निम्म्या अंतराच्या फारशी पलीकडे गेली नव्हती. शेवटच्या मैलांत तिचे इतके हाल झाले की पोचताच ती हे सुचवणाऱ्या नवऱ्यावर भडकली. पण जिंकली होती, तेही २ तास ३२ मिनिटं ३० सेकंदांच्या जागतिक विक्रमासह. पुढे ही शर्यत तिने एकूण नऊ वेळा जिंकली. अर्थात ती आधीपासून जगातली नावाजलेली धावपटू होती, आणि आम्ही मंडळाच्या पिकनिकला संगीतखुर्चीत हरणारे. दृष्टान्त किती ताणायचा ह्याला मर्यादा असते.

पहाटे फेरीबोटीने स्टेटन आयलंड गाठलं. घड्याळं त्याच रात्री तासभर मागे गेल्याने झोप तेवढी जास्त. फोर्ट वॉड्सवर्थच्या मैदानात तीन तास थंडीत बसायचं असतं. लोक जुने स्वेटर घालून येतात आणि निघताना तिथेच टाकतात; ते गोळा होऊन दानाला जातात. आईंचा फोन आला, पुण्यात संध्याकाळ होती. "आज मी दारापर्यंत जाऊन आले. तुम्ही कुठवर?"

पहिला पूल व्हेराझानो, १९६४ सालचा. त्याचे मनोरे इतके दूर आणि इतके उंच की पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांची टोकं पायथ्यापेक्षा दीड इंचाहून थोडी जास्त लांब आहेत. पहिला मैल चढाचा, दुसरा उताराचा. डावीकडे मॅनहॅटन एवढंसं दिसतं, आणि तिथेच जायचंय हे कळून पोटात गोळा येतो.

ब्रुकलिन म्हणजे मात्र लग्नाची वरात. फोर्थ अॅव्हेन्यूवर मैलोगणती दुतर्फा माणसं, दर चौकात वेगळा बँड, पोरांचे टाळ्या द्यायला पुढे केलेले हात. मग विल्यम्सबर्गमध्ये एकदम शांतता. काळे कोट घातलेले हसिदी ज्यू आपल्या कामाला चाललेले, आमच्याकडे बघायलाही त्यांना सवड नाही. आम्हांला तो मैल आवडला. शहर आपलं आपण चालू आहे, ही जाणीव तिथे झाली.

पाणी जवळजवळ दर मैलाला मिळतं आणि हळू जाणाऱ्याला ते प्यायला वेळही भरपूर. धोका इथेच. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. फार पाणी प्यालेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना हा धोका अधिक. आम्ही तहान लागली तरच प्यालो, आणि खिशात खारे दाणे होते.

पुलास्की पुलावर निम्मं अंतर संपलं. आमच्या पायांना ठाऊक असलेला रस्ताही तिथेच संपला. क्वीन्सबरो पुलावर प्रेक्षक नसतात. १९०९ सालचा लोखंडी सांगाडा, अंधूक उजेड, पावलांचे आणि श्वासांचे आवाज, आणि चढ. कुणी बोलत नाही. उतरून फर्स्ट अॅव्हेन्यूला वळलात की गर्दीचा लोंढा अंगावर येतो. तिथे मंडळाची पोरं पाटी घेऊन उभी होती: 'पंढरी जवळ आली!' "काकू, फक्त आठ मैल!" त्या 'फक्त'चा अर्थ त्या पोरांना विसाव्या मैलाला न्यायला हवा होता.

विसावा मैल म्हणजे विलिस अॅव्हेन्यूचा पूल, पलीकडे ब्राँक्स. शरीरात साखरेचा साठा साधारण २,००० कॅलरींचा, आणि मैलाला खर्च सुमारे शंभर. हिशोब कुणीही करावा. लांबच्या सरावाने शरीर चरबीवर जास्त चालायला शिकतं. आमच्या शरीरांना ते शिकायला सवड मिळाली नव्हती. आमच्यातल्या एकाच्या पोटरीत गोळा आला, एकीच्या गुडघ्याने बोलायला सुरुवात केली.

"अहो, थांबू या का?"

"छातीत काही नाही ना? चक्कर?"

"नाही. फक्त पाय."

"मग चालू."

हा आमचा आधीच ठरलेला करार होता. छातीत दुखलं, गरगरलं किंवा पाय टेकवेना झाला तर तिथल्या तिथे बाजूला व्हायचं, नुसते दुखणारे पाय मात्र चालवायचे. मॅडिसन अॅव्हेन्यूच्या पाचव्या पुलावरून परत मॅनहॅटनमध्ये आलो ते चालतच. हार्लेममध्ये एका आजीबाईंनी चर्चच्या पायरीवरून संत्र्याची फोड दिली. वारीत गावोगावचे लोक वारकऱ्याला देतात तशी, कोण कुठला न विचारता. पुढे फिफ्थ अॅव्हेन्यूचा मैलभर चढ. मोटारीतून तो सपाट वाटतो!

सेंट्रल पार्कमध्ये शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. १९९२ साली मेंदूचा कर्करोग झालेले लेबो ग्रेटेबरोबर ह्याच रस्त्याने शेवटचे आले. वेळ साडेपाच तासांच्या वर. त्यांना पोचताना दोघांनाही रडू आवरलं नव्हतं. दोन वर्षांनी ते गेले. आम्ही सहा तास अकरा मिनिटांनी पोचलो.

गळ्यात पदकं आणि अंगावर चंदेरी कागद घेऊन पेन स्टेशनला आलो. जिना उतरायचा होता आणि मांड्या ऐकेनात. शेवटी कठडा धरून, पाठमोरे, एक-एक पायरी उतरलो. गाडीत एका मुलीने उठून जागा दिली. आम्ही आभार मानून उभेच राहिलो. बसलो असतो तर एडिसनला उठवायला कोण होतं?