पाटलीतलं तांबं

सराफाच्या यंत्रावर दिसणारे सोन्याचे टक्के थेट मोजलेले नसतात, हिशेबाने काढलेले असतात.

बहिणीच्या फीसाठी आजीच्या पाटल्या मोडल्या, तेव्हा यंत्राने क्ष-किरण सोडले, आकडा आला, भाव ठरला. "कसाला लावलंच नाही की रे," आजी पुटपुटली. तेव्हापासून मी या यंत्राबद्दल वाचतोय.

क्ष-किरण पडले की मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतं. पण त्याला उंबरठा असतो. तांब्याच्या ८.०५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या रेषेसाठी तो ८.९८. त्याखाली ती रेषा उमटतच नाही, ओलांडला की एकदम झळकते. पुढे ऊर्जा वाढवत नेली की प्रतिसाद घटत जातो. सोन्याच्या ९.७१ च्या रेषेचा उंबरठा ११.९२. म्हणजे १० वर मोजलं, तर २२ कॅरेटच्या पाटलीतही तांबं झळकेल, सोन्याची ती रेषा नाही.

इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर ऊर्जा हवी तशी बदलून हे मोजता येतं. सराफाच्या सॉफ्टवेअरला मात्र हा कमी-जास्त प्रतिसाद हिशेबात धरूनच टक्के काढावे लागतात, आणि तो हिशेब शुद्धता माहीत असलेल्या नमुन्यांवर ताडून घ्यावा लागतो. तिथे चूक झाली, तर भावच चुकतो.

म्हणून सोनं मोडताना एवढं विचारा: यंत्र नमुन्यावर शेवटचं कधी तपासलं?