चिठ्ठी आधी आली की

मी चिठ्ठी लिहिली. मी मजकूर लिहिला. मी पत्र लिहिलं. लिहिणारी मी एकच, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते लिहिलेल्या वस्तूकडे बघतं आणि तिचं लिंग उचलतं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणायला शिकवतात; आपण तो गुणांपुरता ओळखतो आणि सोडून देतो. फ्रेंच शिकवताना तो मला दर वर्षी नव्याने भेटतो, आणि तेही नेमक्या अशा धड्यात जिथे वर्गाचे चेहरे उतरतात.

‘जे एक्री ला लेत्र’, मी चिठ्ठी लिहिली. इथलं कृदंत ‘एक्री’ कोणाशीच जुळत नाही. आता चिठ्ठी वाक्यात आधी आणायची: ‘ला लेत्र क जे एक्रित’, मी लिहिलेली चिठ्ठी. लेत्र स्त्रीलिंगी. ती पुढे येऊन बसली म्हणून कृदंताला स्त्रीलिंगाचं अक्षर लागलं, आणि इतका वेळ मुका असलेला ‘त’ बोलायला लागला. कर्म मागे असेल तर जुळवायचं नाही, आधी असेल तर जुळवायचं. क्लेमाँ मारो या कवीने 1538 च्या सुमारास आपल्या शिष्यांसाठी हा नियम पद्यात सांगितला, इटालियन भाषेचा दाखला देऊन. तेव्हापासून फ्रान्समधली मुलंही त्याच्याशी झुंजत आली आहेत. 2018 मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी ‘आव्वार’ या सहायक क्रियापदाबरोबरची ही जुळणी काढूनच टाकावी, असं जाहीरपणे सुचवलं. त्यांच्या म्हणण्यात मुलांविषयी कळकळ आहे, हे मला मान्य आहे. तरी हा नियम जाऊ नये असंच मला वाटतं, कारण आपल्याला तो परका नाही.

रोमन माणूस लॅटिनमध्ये असं काहीसं म्हणायचा: माझ्यापाशी चिठ्ठी आहे, लिहिलेली. ‘लिहिलेली’ हे चिठ्ठीचं विशेषण, म्हणून ते चिठ्ठीशी जुळायचं. पुढे ‘माझ्यापाशी आहे’ हा भाग झिजून नुसता काळ दाखवणारा उरला, आणि जुळणी जिथे टिकली तिथे टिकली. संस्कृतात ‘मया पत्रिका लिखिता’ म्हणत. त्या ‘मया’तूनच संतांचं ‘म्यां’ आलं आणि आपल्या बोलण्यातलं ‘मी चिठ्ठी लिहिली’ही. ‘लिखित’मधला ‘त’ आणि लॅटिन ‘स्क्रिप्तुस’मधला ‘त’ एकाच आद्य प्रत्ययाचे वारस आहेत. मराठीने त्याच्या जागी पुढे ‘ल’ घेतला. फ्रेंचने ‘एक्री’सारख्या कृदंतांत ‘त’ ठेवला, पण तो बहुतेक वेळा गप्प असतो. हे फळ्यावर लिहिलं की वर्ग क्षणभर शांत होतो, आणि मग कोणीतरी मागच्या बाकावरून विचारतं, “म्हणजे मॅडम, हे आपल्याला येतच होतं?”

बरंचसं येतच होतं. ‘एल ए पार्ती’ म्हणजे ती गेली. जाणं, येणं, जन्मणं, मरणं यांच्यासाठी फ्रेंच ‘एत्र’ हे सहायक घेते आणि कृदंत कर्त्याशी जुळवते. ती गेली, तो गेला, ते गेले: हा आपला कर्तरी. मी त्यांना सांगितलं म्हणताना आपलं क्रियापद त्या ‘त्यांना’शी जुळत नाही, ‘ज लर ए पार्ले’ मध्येही ‘लर’ कृदंताला हलवू शकत नाही. हे नियम तंतोतंत एक नव्हेत. ताणले तर तुटतील, आणि विद्यार्थ्यांना मी तेही सांगते. पण क्रियापदाने आपल्या मालकाखेरीज दुसऱ्या कोणाचं तरी ऐकावं, ही गोष्ट मराठी कानाला नवलाची नाही.

आपण मात्र फ्रेंच शिकतो ती इंग्रजीच्या दारातून. पुस्तकं इंग्रजीत, स्पष्टीकरणं इंग्रजीत. मग ‘अँपारफे’ हा सवयीचा आणि चालू क्रियेचा भूतकाळ येतो आणि गोंधळ सुरू होतो, कारण इंग्रजीचा साधा भूतकाळ एकदा गेलो आणि रोज जायचो या दोन्हींना पुरतो. मराठीत ही चूक करायला जागाच नाही. आजी दर गुरुवारी मठात जायची. त्या गुरुवारी ती गेली नाही. पहिलं क्रियापद अँपारफे, दुसरं ‘पासे काँपोझे’, म्हणजे एकदा घडून गेलेल्या गोष्टीचा भूतकाळ. पाऊस पडत होता आणि फोन वाजला: पुन्हा तेच, आधी पसरलेला काळ आणि मग त्यात घडलेली घटना. 1920 च्या जानेवारीत मार्सेल प्रूस्तने फ्लोबेरच्या शैलीवर एक निबंध प्रसिद्ध केला. फ्लोबेरने काळांचा आणि सर्वनामांचा जो नवा वापर केला त्याने जगाकडे बघण्याची दृष्टीच बदलली, असं त्याचं प्रतिपादन होतं. अँपारफे मी त्या निबंधाच्या आठवणीने शिकवते. त्याच 1920 साली पॅरिसमध्ये झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा ग्रंथ निघाला, फ्रेंचमध्ये. आपल्या प्रत्ययांची, आपल्या ‘ल’ची वंशावळ एका फ्रेंच माणसाने इतक्या जिव्हाळ्याने तपासावी, आणि आपण त्याच्या भाषेकडे जाताना स्वतःची भाषा बाहेर ठेवावी, याची मला खंत वाटते.

संध्याकाळच्या वर्गात आता अभियंते असतात, नर्स असतात, दिवसभर कंपनीत काम करून आलेली नवराबायको असतात. कॅनडाने 2023 पासून फ्रेंच येणाऱ्यांची स्थलांतरासाठी वेगळी निवड सुरू केली, तेव्हापासून ‘तेफ’ आणि ‘तेसेएफ’ हे शब्द सतत कानावर येतात. त्या परीक्षांचा निकाल दोन वर्षं चालतो. 1985 साली सुरू झालेल्या ‘देल्फ’ची पदविका मात्र आयुष्यभराची. तिच्या पायऱ्या ए1 ते बी2; पुढच्या सी1, सी2 ‘दाल्फ’च्या. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी 25 गुण, उत्तीर्ण व्हायला 50, आणि एकाही भागात 5 च्या खाली जायचं नाही. ही शेवटची अट मला आवडते. नुसतं वाचून किंवा नुसतं बोलून भागत नाही.

सगळ्यात जास्त भीती ऐकण्याची. पुस्तकातलं ‘ज न से पा’ ध्वनिफितीत ‘शेपा’ होऊन निसटतं. मी त्यांना आपलंच बोलणं ऐकायला लावते. ‘काय करत आहेस’ असं घरात कोण म्हणतं? ‘काय करतोयस’ म्हणतात, आणि कोणाचं काही अडत नाही. बी2 च्या तोंडी परीक्षेत चिठ्ठ्या उचलून दोनांतला एक उतारा निवडायचा, अर्धा तास तयारी करायची आणि मग परीक्षकांसमोर आपलं मत मांडून ते राखायचं. तिथे सुबजाँक्तिफ लागतो: अमुक व्हावं म्हणून, तमुक असलं तरी. विध्यर्थ रोज वापरणाऱ्या माणसाला ही मनाची चाल ठाऊक असते. ‘पुर केल व्हिएन’ आणि ‘तिने यावं म्हणून’ यांत इच्छेला घटनेपासून सारख्याच हळुवारपणे वेगळं ठेवलेलं आहे.

मला हवं असलेलं फ्रेंच व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून मराठीत असेल. पहिला धडा ‘ती गेली’, दुसरा ‘मी चिठ्ठी लिहिली’. जिथे दोन भाषांच्या वाटा फुटतात तिथे ते थांबून सांगेल: आपली लिंगं तीन, त्यांची दोन, आणि कुठल्या वस्तूला कुठलं हे दोन्हीकडे पाठच करावं लागतं. परीक्षेच्या तयारीचं प्रकरण शेवटी असेल आणि त्यातला पहिला सराव असा: लहानपणी तुम्ही राहायचात त्या घराबद्दल समोरच्याला तीन मिनिटं सांगा, सकाळी कोण आधी उठायचं, पाणी कुठून भरायचं, कोण कोणावर रागवायचं. क्रियापद एकही न चुकवता, सगळं अँपारफेत.