शिवेवरची चाकोरी

बैलगाडी रोज एकाच वाटेनं गेली की दोन चाकोऱ्या पडतात आणि त्यांच्या मधोमध गवताची पट्टी राहते, घोड्याच्या आयाळीसारखी. सायकलवाल्याला दोहोंतली एकच घेता येते. मी डावी घेतो. वडील डावी घ्यायचे. त्यांच्या काळ्या सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळलेला असायचा, त्यावर मी दोन्ही पाय डावीकडं सोडून बसायचो, आणि बांधावरचं दवानं भिजलेलं गवत माझ्या पोटऱ्या पुसत मागं जायचं.

निलंगा सोडायला वेळ लागत नाही. पहाटे नीलकंठेश्वरापासून निघावं. तीन गाभाऱ्यांचं, कोनाकोनांनी वळत गेलेलं ते दगडी देऊळ त्या वेळी नुसता एक काळा आकार असतं. भिंतीवरच्या सुरसुंदरींचे चेहरे दिसत नाहीत, कमरेचे बाक तेवढे दिसतात. मग चहाच्या टपरीवरचा पहिला धूर, लातूरला क्लासला निघालेली डोळे चोळणारी पोरं, उसाच्या गाड्या, कानाशी येऊन ओरडणारे हॉर्न, आणि हे सगळं अंगावर घेत घेत शेवटच्या घरामागं एका बाभळीशी आलं की डांबर सुटतं. टायरचा सूर बदलतो. मुरमावर चुरचुर होते, आणि पुढं काळीत शिरलं की तीही थांबते.

मग ऐकू येते फक्त फ्रीव्हीलची टिकटिक.

सरकारी कागदात हिला पाणंद म्हणतात. आमच्या तोंडी पांदण. दोन गावांच्या हद्दीवरून गेली तर शिवरस्ता. सायकलींसाठी म्हणून ती कुणी केलेली नाही. हॉलंडमध्ये सायकलींचे वेगळे रस्ते असतात, चौकाचौकाला आकडा दिलेला असतो, आकडे धरून माणूस दिवसभर गावंच्या गावं पालथी घालतो. आमच्या पांदणीला आकडा नाही. विचारलं तर सांगतात, "त्या आंब्यापासून डाव्या हाताला, मग इहिरीला वळसा." आंबा केव्हाच पडलेला असतो. पण सांगणाऱ्याला तो दिसतो आणि ऐकणाऱ्यालाही हळूहळू दिसायला लागतो.

रिकामी सायकल घेऊन पांदणीनं फिरणारा माणूस मात्र लोकांना पटत नाही. मागं एकदा हरभऱ्याला पाणी देणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी हटकलं.

"कुठं निघालाव?"

"कुठं नाही, बाबा. असंच."

"असंच?" त्यांनी सायकल पाहिली, मागचं कॅरिअर पाहिलं, माझी पिशवी पाहिली. "मोजणीचे का तुम्ही?"

मी नाही म्हणालो तरी माझी पाठ दिसेनाशी होईपर्यंत ते खोऱ्यावर हात ठेवून उभे होते. त्यांचं चूक नाही. या वाटेवर परका माणूस येतो तो साखळी घेऊन, नाहीतर पंचनाम्याला. अडवलेली वाट मोकळी करून द्यायला 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा अजून लागू आहे. तहसीलमध्ये त्याच्या तारखा पडतात, आणि त्या तारखांना भाऊ भाऊ वेगवेगळ्या बाकांवर बसतात. एवढ्या निवांत वाटेच्या पोटात केवढी भांडणं! सायकलवरून जाणाऱ्याला त्यातलं काही ऐकू येत नाही. त्याला होला ऐकू येतो.

पावसाळ्यात मात्र या वाटेचं नाव काढू नये. आमची काळी माती पहिल्या पावसात नुसती चिकटते, दुसऱ्या पावसात धरून ठेवते. मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल कोंबला जातो, चाक फिरेनासं होतं, आणि तुरीच्या जुन्या काडीनं तो कोरून काढावा तर दहा पावलांवर पुन्हा तेच. मग सायकल खांद्यावर. लहानपणी मी हे पाहिलं आहे: वडील चिखलातून चालताहेत, सायकल त्यांच्या खांद्यावर, मागचं चाक हवेत आपलंआपण हळूच फिरतंय, आणि दोघांच्या चपला माझ्या हातात.

पण मार्गशीर्षातल्या अवसेला हीच वाट जत्रेसारखी भरते. आमची येळवस. त्या दिवशी निलंग्याच्या बाजारपेठेत कुत्रं दिसत नाही आणि सगळं गाव पांदणीवर असतं: डोक्यावर टोपली, टोपलीत भज्जी आणि उंडे, कुणाच्या कॅरिअरला आंबिलाचं मडकं फडक्यानं बांधलेलं, ते हिंदकळू नये म्हणून मागून एक पोरगं मडक्याला हात लावून पळतंय. तुरीला शेंगा धरलेल्या, ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, कडब्याच्या कोपीत लक्ष्मी मांडलेली. अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी "मोजणीचे का" असं कुणी विचारत नाही. सायकल बांधावर आडवी टाकायची, आंबिलाचा पेला दोन्ही हातांत धरायचा. थंडगार, आंबूस, जिऱ्याचा वास असलेला पहिला घोट घशाखाली उतरला की वर्षभराचा शीण उतरल्यासारखं होतं.

सायकल आडवी टाकायची, असं लिहून गेलो आणि थबकलो. वडील सायकल कधीच आडवी टाकत नसत. स्टँड लागत नसेल तर झाडाला टेकवत, झाड नसेल तर धरून उभे राहत. एकदाच टाकली. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. उजाडल्यावर किल्लारीचं कळलं, तसे ते भाकरीचं गाठोडं कॅरिअरला बांधून रानातल्या वाटांनी तिकडं गेले. परत आले ते अंधार पडल्यावर. गाठोडं तसंच होतं. सायकल अंगणात आडवी पडली, पुढचं चाक बराच वेळ फिरत राहिलं, आणि ते हातपाय न धुताच ओट्यावर बसून राहिले.

किल्लारी पुढं दुसऱ्या जागी वसली. जुन्या गावठाणाकडं जाणाऱ्या वाटा मात्र अजून आहेत. गाव उठून गेलं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी त्या बाजूला एकदाच गेलो. बाभळींमधून गेलेली चाकोरी होती, अगदी आमच्यासारखीच, मधे आयाळ. मी तिथूनच सायकल वळवली.

वडील गेले, सायकल आहे. दोनदा रिम बदलली, सीट बदलली; दांडी तीच आहे आणि टॉवेल गुंडाळायचा तिथला रंग अजून काळा कुळकुळीत आहे. आठवड्यातून एकदा तरी मी पांदण धरतो. अंगावर ऊन आलं की माघारी फिरतो, आणि आपल्याच टायरची नागमोडी खूण समोरून येताना दिसते. जाताना आपण इतके डळमळत होतो हे तेव्हा कळतं.

या मृगात दापक्याच्या अंगाला डाव्या हाताचा बांध हातभर सरकला. तिथं सोयाबीनचं पहिलं तास आता डाव्या चाकोरीतूनच गेलं आहे. मी उजवी घेतो.