दादाचे पंधरा जीबी

इंदापूर तालुक्यात वाढलेल्या माणसाला ‘साठा’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात रोज पेपरात उजनीचा आकडा येतो आणि तो बघून लोक उसाचं काय करायचं ते ठरवतात. धरण ११७ टीएमसीचं, पण त्यातलं साडेत्रेपन्न टीएमसी तेवढं उपयुक्त, बाकी सगळा मृतसाठा. म्हणून आमच्याकडचं पाणी शून्य टक्क्यावर संपत नाही, वजा दहा, वजा तीस असं खाली जात राहतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा पन्नासच्याही खाली गेलं होतं. त्याच वर्षी माझ्या मोठ्या भावाचं गूगलचं खातं भरून वाहायला लागलं. दादा तेव्हा हयात नव्हता.

तो २०२२ च्या दिवाळीनंतर गेला. खातं कसं काय भरत राहिलं, याचा उलगडा व्हायला वेळ लागला. गूगल फुकट देतं ते १५ जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो असं सगळं एकत्र मोजलं जातं. १ जून २०२१ च्या आधी जरा बारीक करून ठेवलेले फोटो या हिशोबात धरत नव्हते. फुकट आहे म्हटल्यावर दादाने हात सैल सोडला होता. बेलवाडीचं रिंगण, ऊसतोड, बोअरची गाडी, सगळं वर. नियम बदलला, पण हाताची सवय बदलली नाही. आणि तो गेल्यावर त्याचा फोन वहिनी वापरू लागल्या. भावकीचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, माहेरचा ग्रुप. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी १५ जीबीत मोजत नव्हते, २०२४ मध्ये मोजायला लागले. सुप्रभातचे व्हिडिओ रोज रात्री दादाच्या नावावर जमा होत होते.

एरवी कोणी लक्ष दिलं नसतं. पण त्याच खात्यात ‘घरची कागदं’ नावाचा फोल्डर आहे.

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. दादाने २०१५ साली पुतण्याच्या नोकरीसाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढताना इतके हेलपाटे घातले, की पुन्हा कोणावर ही वेळ नको म्हणून हाताला लागलेला प्रत्येक कागद मोबाइलवर स्कॅन करून ठेवला. बुडालेल्या जमिनीचे हाताने लिहिलेले सातबारे, भूसंपादनाच्या नोटिसा, फेरफार. मूळ कागदांपैकी अर्धे पुढे वाळवीने खाल्ले. आजीच्या जात्यावरच्या ओव्याही त्याच फोल्डरमध्ये आहेत. त्या कागद नव्हेत, पण दादाला वेगळा फोल्डर करायचा कंटाळा. घरातल्या सात जणांना त्याने तो शेअर केला होता.

शेअर केला म्हणजे सगळ्यांचा झाला, अशी आम्हा सर्वांची समजूत होती. तशी असणं स्वाभाविकच, कारण आम्हाला सामाईक म्हटलं की विहीर आठवते. सामाईक विहिरीत कोणाचा चार आणे, कोणाचा दोन आणे हिस्सा, हे सातबाऱ्यावर इतर हक्कात लिहिलेलं असतं, पाळी ठरलेली असते, आणि भांडणं झाली तरी हिस्सा पुसला जात नाही. फोल्डरचं तसं नाही. तिथे प्रत्येक फाइलला एकच मालक. बाकीचे दर्शक नाहीतर संपादक. त्यांना आहे ती परवानगी, हक्क नव्हे. ज्याने फाइल चढवली तिची जागा त्याच्याच खात्यातून जाते, आणि मालकाचं खातं गेलं की फाइल जाते.

खातं जाण्याच्या दोन वाटा आहेत आणि आमच्याकडे त्यांची कायम गल्लत व्हायची. एक, दोन वर्षं खातं कोणी वापरलंच नाही तर गूगल ते पुसू शकतं. ती भीती नव्हती, वहिनी रोज फोन वापरतात. दुसरी वाट वेगळी: साठा मर्यादेच्या वर गेला आणि दोन वर्षं वरच राहिला, तर आतलं सगळं काढून टाकलं जाऊ शकतं. मग फोन रोज हातात असून उपयोग नाही. आपल्यामागे खातं कोणी बघायचं, याची नावं आधी देऊन ठेवायची सोय आहे, दहा जणांपर्यंत. दादाने ती केली नव्हती. त्याने मृत्युपत्रही केलं नव्हतं, तेव्हा यात नवल नाही.

पुतण्या म्हणाला, महिन्याला १३० रुपये भरा, १०० जीबी मिळतील. वहिनी म्हणाल्या, “मेलेल्या माणसाच्या नावावर हप्ता नको.” विषय संपला.

म्हणून गेल्या मे महिन्यात बारामतीहून दोन दिवस माहेरी जाऊन राहिले. गूगल मोठ्या फायली आधी दाखवतं, त्यामुळे सुरुवातीलाच दादाचे व्हिडिओ. एक तेवीस मिनिटांचा, बोअरचा. सहाशे फूट गेले, नुसता फुफाटा, पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलं, हा तरी काढू. वहिनी बघत राहिल्या. दादा कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही, फोन त्याच्याच हातात असायचा, पण गाडीच्या आवाजावरून तो ओरडतो, “पोरांनो, मागं सरा.” वहिनी म्हणाल्या, “वन्सं, कुठला काढायचा ते तुम्हीच बघा. मला समद्यात त्यांचाच आवाज येतो.”

एकही काढला नाही. बॅकअपमधून व्हिडिओ वगळले, बँकेच्या आणि जाहिरातींच्या मेल पुसल्या, कचरापेटी रिकामी केली, कारण पेटीतलंही मोजतात. आकडा १५ च्या खाली आला. दोन दिवसांचं रडं आणि काम निघालं सुप्रभातच्या फुलांचं.

फोल्डर मात्र तिथे ठेवून चालणार नव्हतं. कोणाच्या तरी नावावर करायला हवा, आणि इथे वारस नोंदीसारखी सगळ्यांची नावं लागत नाहीत, एकच लागतं. पुतण्याला वेळ नाही. चुलतभावाशी बांधावरून बोलणं तुटक. वहिनी चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, “तुमच्या नावावर घ्या की.”

२००९ साली इंदापूरला जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्येच आला होता, हे मी शाळेत मुलांना शिकवतही होते. पण भाऊबीज चालू ठेवायची तर सही करतात, तशी केली. कोणी जबरदस्ती केली नाही. दादाने त्या दिवशी मला स्टँडवर उसाचा रस पाजला आणि नवीन पातळ घेतलं. त्या सातबाऱ्याचा स्कॅन फोल्डरमध्ये आहे, माझं नाव कमी केल्याच्या फेरफारासकट.

फोल्डरची मालकी बदलली तरी आतल्या फायलींची आपोआप बदलत नाही. नुसत्या प्रती करून घेता आल्या असत्या, पण प्रतीवर प्रत काढल्याची तारीख येते, आणि मला ओव्यांवर दादाच्या वेळचीच तारीख हवी होती. वहिनी त्याच्या फोनवरून एकेक फाइल माझ्याकडे पाठवत होत्या, मी माझ्या फोनवर स्वीकारत होते. आजीची ‘रेकॉर्डिंग ४’ आली तेव्हा आम्ही थांबून ती पूर्ण ऐकली. मालकी दिल्यावर जुना मालक यादीतून जात नाही, संपादक म्हणून राहतो. दादा सध्या संपादक आहे.

नऊ फायली राहिल्या. त्या चुलतभावाने चढवलेल्या, म्हणजे त्याच्या खात्यातल्या. जुन्या विहिरीच्या हिश्श्याचा कागद त्यातच आहे. त्याला फोन केला. आधी पावसापाण्याचं बोलला, मग म्हणाला, “ताई, पंचमीला ये, तेव्हा बघू. पासवर्ड पोराला माहीत आहे.”